बॉयलरवर ७ बार, यंत्रावर साडेपाच: मधला दाब गेला कुठे?

बॉयलरच्या गेजचा काटा ७ बारवर स्थिर आहे आणि १२० मीटर लांबच्या यंत्रापाशी जेमतेम साडेपाच दिसतोय. अशा वेळी नवा माणूस हमखास दोनांतलं एक करतो: बॉयलरचा दाब वाढवतो, नाहीतर यंत्राआधीच्या पीआरव्हीचा (दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू पिळतो. कधीकधी त्याने काम भागतंही. पण दीड बार नेमका कुठे गेला हे कळलेलं नसतं, त्यामुळे थोड्या दिवसांत तीच तक्रार पुन्हा समोर येते. तो दीड बार शोधून काढायचा क्रम खाली दिला आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. वाफ वाहत नसेल तर पाइप कितीही बारीक असो, दोन्ही टोकांना दाब जवळपास सारखाच दिसतो. दाब खर्च होतो तो वाहण्यात. त्यामुळे यंत्रावर दाब किती, असं कोणी विचारलं की उलट विचारायचं: त्या वेळी तासाला किती किलो वाफ चालू होती?

आधी हा तक्ता

संपृक्त वाफेत, म्हणजे त्या दाबाला उकळणाऱ्या पाण्याइतक्याच गरम वाफेत, दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एक कळलं की दुसरं ठरलंच. रोज लागणारे आकडे एवढेच (दाब गेजवरचा, बारमध्ये):

| दाब | तापमान (°से) | १ किलो वाफेचं आकारमान (घनमीटर) | सुप्त उष्णता (किलोज्यूल/किलो) |
|---|---|---|---|
| ० | १०० | १.६७ | २२५७ |
| १ | १२० | ०.८८ | २२०१ |
| ३ | १४४ | ०.४६ | २१३३ |
| ५ | १५९ | ०.३१५ | २०८६ |
| ७ | १७० | ०.२४ | २०४७ |
| १० | १८४ | ०.१७७ | २००० |

७ वरून साडेपाचवर आलेली वाफ १७० ऐवजी १६२ अंशांची असते. यंत्राला खरा फटका बसतो तो या ८ अंशांचा. सुप्त उष्णतेच्या (वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेच्या) रकान्याकडे पाहून काही जण म्हणतात, दाब कमी झाला तर किलोमागे उष्णता उलट जास्तच मिळते. खरं आहे, पण तापमानातला फरक घटला की ती उष्णता मालात शिरायला वेळ लागतो आणि बॅच लांबते.

तिसरा रकाना नीट पाहा. लाइनच्या सगळ्या गणिताची किल्ली तिथे आहे: दाब उतरला की तीच एक किलो वाफ जास्त जागा मागते.

पायरी १: गेज खरं बोलतंय का?

हे टाळून पुढे जाऊ नका. दाब गेला म्हणून जो आरडाओरडा होतो, त्यात बरेचदा गेजच चुकीचं निघतं.

लाइन बंद आणि थंड असताना काटा शून्यावर येतो का बघा. गेजखाली सायफन, म्हणजे वळसा दिलेली नळी, आहे का बघा. त्यात साठलेलं पाणी गरम वाफेला गेजपर्यंत पोचू देत नाही. सायफन नसेल तर आतली नळी तापून गेज काही महिन्यांत खोटं बोलायला लागतं. नवं गेज बसवताना सायफनमध्ये आधी पाणी भरा, मगच कॉक उघडा.

पुढची गोष्ट उंचीची. वाचायला सोपं जावं म्हणून गेज लाइनपासून खाली आणलं असेल तर मधल्या नळीत पाण्याचा स्तंभ उभा असतो. दर मीटरला सुमारे ०.१ बार जास्त दिसतो. पाइप डोळ्यांसमोरच्या गेजपासून ४ मीटर वर असेल तर ०.४ बारच्या आसपास फुकटचा दाब दिसणार.

शेवटी तापमानाशी ताळा करा. गेज ३ बार दाखवत असेल तर त्याच जागी थर्मामीटर १४४ च्या जवळ हवा. तो १३३–१३४ दाखवत असेल आणि दोन्ही उपकरणं ठीक असतील, तर वाफेत हवा मिसळली आहे. आकारमानाने पाव भाग हवा असली की एकूण दाबातला पाऊणच दाब वाफेचा असतो आणि तापमान त्या पाऊण दाबाचंच मिळतं. हवा असेल तर दाब वाढवून फायदा नाही, हवा बाहेर सोडणारा एअर व्हेंट लागतो.

पायरी २: वाचनं लोडवर घ्या, आणि दोन वेगवेगळ्या लोडवर घ्या

चार जागा धरा: बॉयलर, हेडर (बॉयलरची वाफ जिथून लाइनींना वाटली जाते तो जाड पाइप), पीआरव्हीच्या आधी, पीआरव्हीच्या नंतर. शक्य तेवढ्या एकाच मिनिटाला वाचा. एकदा सगळी यंत्रं चालू असताना आणि एकदा साधारण निम्म्या वापराला.

घर्षणाने होणारी घट प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. पूर्ण लोडवर दीड बार जात असेल तर निम्म्या लोडवर ०.४ बारच्या आसपासच जायला हवा. तसं दिसलं तर दोष पाइप, व्हॉल्व्ह किंवा स्ट्रेनरमध्ये (कचरा अडवणाऱ्या जाळीत) शोधायचा. लोड निम्मा होऊनही फरक तेवढाच राहिला तर घर्षणाचा संबंध नाही. गेजची चूक किंवा उंचीचा स्तंभ असणार. एवढ्या एका चाचणीत अर्धं निदान होऊन जातं.

लोड चढताच बॉयलरचा आणि हेडरचा दाबच खाली बसत असेल तर लाइन निर्दोष आहे. मागणी बॉयलरच्या ताकदीबाहेर गेली आहे. दाब ७ वरून साडेपाचवर घसरला की बॉयलरमधल्या दर १००० किलो पाण्यातून सुमारे १८ किलो वाफ एकदम फुटून निघते, पातळी फुगते आणि वाफेबरोबर पाणी लाइनमध्ये ओढलं जातं. गेजकाचेत पाणी उसळताना दिसत असेल तर हेच चाललं आहे.

पायरी ३: वेग काढा, मग घट काढा

यासाठी दोन साधी सूत्रं पुरतात.

वेग (मीटर/सेकंद) = किलो/तास × १ किलोचं आकारमान × ३५४ ÷ (आतला व्यास मिमी)²

घट (पास्कल) = ०.०२ × लांबी ÷ व्यास × वेग² ÷ (२ × १ किलोचं आकारमान); इथे लांबी आणि व्यास दोन्ही मीटरमध्ये. १ लाख पास्कल म्हणजे १ बार.

०.०२ हा स्टीलच्या पाइपसाठी धरलेला ढोबळ घर्षणांक आहे. आतून गंजलेल्या जुन्या पाइपला तो जास्त असतो, पण दोष शोधायला एवढं पुरे.

आपलंच उदाहरण घेऊ. तासाला १००० किलो वाफ, ७ बार, ५० एनबीचा पाइप (एनबी म्हणजे पाइपचं मिमीतलं नाममात्र माप), आतला व्यास ५२.५ मिमी. वेग येतो ३०.८ मीटर/सेकंद. संपृक्त वाफेच्या मुख्य लाइनला २५ च्या आसपास ठेवायचा रिवाज आहे, म्हणजे इथे पहिली शंका पाइपच्या मापावर. सरळ पाइपची घट १०० मीटरला ०.७५ बार भरते. तेवढीच वाफ ६५ एनबीतून (६२.७ मिमी) नेली तर वेग २१.६ आणि घट ०.३१, ८० एनबीतून (७७.९ मिमी) नेली तर वेग १४ आणि घट फक्त ०.१. व्यास दीडपटही झालेला नाही, घट मात्र सातव्या हिश्श्यावर आली.

आता फिटिंग्ज. प्रत्येक फिटिंगची सरळ पाइपच्या लांबीत किंमत धरतात: ९० अंशांचा एल्बो सुमारे ३० व्यास, पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह ८ व्यास, ग्लोब व्हॉल्व्ह तब्बल ३४० व्यास. ५० एनबीवर एक ग्लोब व्हॉल्व्ह म्हणजे जवळपास १८ मीटर पाइप! आपल्या लाइनवर ८ एल्बो (साडेबारा मीटर) आणि २ ग्लोब व्हॉल्व्ह (३६ मीटर) असले तर १२० ची लांबी १६८ च्या पुढे जाते. घट सव्वा बार. त्यात वाटेत दाब उतरतो तशी वाफ फुगते आणि वेग वाढत जातो, हे धरलं की १.४. उरलेला ०.१ बार अर्धवट तुंबलेल्या स्ट्रेनरचा. दीड बारचा हिशेब लागला.

यातून उपायही क्रमाने दिसतात. स्ट्रेनर साफ करणं फुकटात होतं. जे ग्लोब व्हॉल्व्ह नुसते उघड-बंद करायला आहेत, तिथे गेट किंवा वाफेला चालणारा बॉल व्हॉल्व्ह लावला तर ०.३ बार परत मिळतो. पाइप ६५ एनबी केला तर एकूण घट ०.६ च्या आत येते. पाइप बदलायचा निर्णय शेवटी घ्या, पण घ्यायचा तर पुढे वाढणारं लोड धरूनच घ्या. दुसऱ्या टोकाला जाऊन सरळ १०० एनबी टाकणंही चूक: बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, उष्णता जास्त जाते, जास्त पाणी साठतं आणि पैसा जातो तो वेगळाच.

बॉयलरचा दाब उतरवला तर?

इंधन वाचेल म्हणून यंत्राला ३ बार लागतात तर बॉयलरही ३–४ वरच चालवू, असा विचार वारंवार पुढे येतो. ६५ एनबीच्या पाइपवर करून बघा. १००० किलो/तास ७ बारला २१.६ मीटर/सेकंदाने जात होते. ३ बारला तेच साडेएकेचाळीसने धावतात आणि १०० मीटरची घट ०.३१ वरून ०.६ होते. वर बॉयलरमध्येही पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ जास्त वेगाने सुटते आणि थेंब घेऊन निघते. वाफ चढ्या दाबाने न्यायची आणि वापराच्या जागी उतरवायची, हीच रीत बरी.

पायरी ४: लाइनमधलं पाणी

दाबाच्या तक्रारीमागे पाणी असेल तर गणित जुळत नाही. पाइपच्या बुडाशी पाणी साठलं की वाफेला मिळणारा मार्ग अरुंद होतो, वेग वाढतो आणि घट हिशेबापेक्षा जास्त निघते.

हे पाणी येतं कुठून? आपल्या ५० एनबी लाइनला ५० मिमी जाडीचं चांगलं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) असेल तर मीटरमागे सुमारे ४५ वॅट उष्णता जाते. १२० मीटरला तासाला ९–१० किलो वाफेचं पाणी होतं. लॅगिंग नसेल तर हाच आकडा ८०–९० किलोंवर जातो. ओलं लॅगिंग बाहेरून धड दिसतं, पण अडवत काहीच नाही; पत्रा हाताला तापलेला लागला की संशय घ्या.

पाणी काढायची व्यवस्था अशी हवी:

वाफ जाते त्याच दिशेने लाइनला १०० ला १ उतार द्यावा. दर ३० ते ५० मीटरवर, तसंच प्रत्येक चढाच्या पायथ्याशी आणि लाइनच्या टोकाला ड्रेन पॉकेट (पाणी गोळा व्हायला बुडाला जोडलेला पाइपचा उभा तुकडा) हवा. पॉकेटचा व्यास १०० एनबीपर्यंत लाइनइतकाच ठेवा आणि खोली किमान १०० मिमी. नवखे फिटर नेमके इथेच चुकतात. मोठ्या लाइनच्या बुडाला १५ एनबीची नळी थेट वेल्ड करून ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) जोडला की काम झालं असं त्यांना वाटतं. २५–३० मीटर/सेकंदाने धावणारी वाफ पाण्याला त्या भोकावरून उडवून नेते. त्यात पडतं ते नावापुरतं. ट्रॅपची नळी पॉकेटच्या कुशीतून काढा आणि तळाला घाण काढायचा व्हॉल्व्ह ठेवा.

शाखा नेहमी लाइनच्या माथ्यावरून काढा. बुडातून काढलेली शाखा वाफेआधी पाणी पिते. पाइपचं माप बदलताना एककडी रिड्यूसर सपाट बाजू खाली ठेवून लावा. साधा, मध्यभागी निमुळता होणारा रिड्यूसर त्याच्या मागे डबकं तयार करतो. वाय स्ट्रेनरही आडव्या वाफेच्या लाइनवर जाळीचा कप्पा बाजूला येईल असा आडवा बसवा, नाहीतर तो पाण्याची वाटी होतो.

ट्रॅप चालतो का हे पाहायला ट्रॅपच्या आधी आणि नंतर तापमान मोजतात, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. ट्रॅप थंड असेल तर तो तुंबला आहे किंवा त्याच्यापर्यंत पाणी पोचतच नाही, एवढं खात्रीने म्हणता येतं. गरम असेल तर आवाज ऐका: थर्मोडायनॅमिक ट्रॅप ठरावीक वेळाने टक्-टक् करतो, सतत शीळ किंवा अखंड खडखड म्हणजे वाफ गळते.

पायरी ५: थंड लाइन सुरू करणं

यात घाई जिवावर बेतते. थंड पाइप, फ्लँज, व्हॉल्व्ह मिळून आपल्या लाइनमध्ये सुमारे ७५० किलो लोखंड आहे. ते ३० अंशांवरून १७० वर न्यायला साधारण २५ किलो वाफ खर्ची पडते आणि तेवढंच पाणी होतं. हे काम ५ मिनिटांत उरकलं तर पाणी तासाला ३०० किलोंच्या दराने तयार होतं आणि साध्या लाइन-ट्रॅपना ते उचलणं कठीण जातं. अर्ध्या तासात केलं तर दर ५० किलोंवर येतो.

क्रम: आधी सगळे ड्रेन उघडा आणि साठलेलं थंड पाणी पूर्ण निघू द्या, वाफ सोडण्यापूर्वी. मग मुख्य व्हॉल्व्हचा बायपास किंचित उघडा. बायपास नसेल तर मुख्य व्हॉल्व्ह सीटवरून जेमतेम सुटेल एवढाच. ड्रेनमधून हवा, मग पाणी, मग वाफ येते. शेवटच्या ड्रेनला सलग वाफ दिसली की टोकापासचा दाब हळूहळू चढू द्या आणि ड्रेन बंद करून ट्रॅपवर सोपवा. दोन्ही टोकांचा दाब जवळ आला की मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

हातोडा मारल्यासारखा आवाज आला तर त्याची दोन कारणं असतात. एक, वाफेने ढकललेलं पाणी एल्बोवर किंवा बंद व्हॉल्व्हवर आदळतं. ३० मीटर/सेकंद म्हणजे तासाला १०८ किलोमीटर, त्या वेगाने आलेलं पाणी दगडासारखं लागतं. दुसरं कारण जास्त घातक: थंड पाण्यावर वाफ आली की तिचा बुडबुडा क्षणात विरतो आणि त्या पोकळीत चारी बाजूंचं पाणी धडकतं. यासाठी वाफेला वेग असावा लागत नाही. म्हणून आवाज येताच दाबाखालच्या लाइनचा ड्रेन घाईने उघडू नका. तसं केलं की थंड पाण्यावरून वाफ आणखी ओढली जाते. आधी वाफ सावकाश बंद करा, दाब उतरू द्या, मग पाणी काढा. तोवर लाइनजवळ कोणी थांबू नये.

पीआरव्ही: मुद्दाम केलेली घट

पीआरव्हीचं माप लाइनच्या मापावरून घेणं ही सर्वांत लोकप्रिय चूक. माप घ्यायचं तासाच्या वाफेवरून आणि दोन्ही बाजूंच्या दाबावरून. गरजेपेक्षा मोठा पीआरव्ही जेमतेम उघडा राहतो, सीटवर फटीतून वाफ घासून खाच पडते आणि दाब वरखाली नाचतो. नंतरची लाइन मात्र मोठी लागते: १००० किलो/तास ३ बारला २५ मीटर/सेकंदाने न्यायचे तर आतला व्यास ८१ मिमी येतो, म्हणजे किमान ८० एनबी.

क्रम सेपरेटर (वाफेतले पाण्याचे थेंब वेगळे काढणारा), स्ट्रेनर, पीआरव्ही, सेफ्टी व्हॉल्व्ह असा ठेवा, आणि गेज दोन्ही बाजूंना. पीआरव्ही पूर्ण उघडा अडकला तरी येणारी सगळी वाफ बाहेर टाकेल एवढा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. दाब टिपणारी बाहेरची नळी असेल तर ती पुढच्या लाइनवर, जवळच्या फिटिंगपासून १ मीटर किंवा १५ व्यास यांतलं जे जास्त तेवढ्या अंतरावर जोडा.

दाब उतरला की वाफ आपोआप कोरडी होते, हा समज अर्धाच खरा. पूर्ण कोरडी वाफ ७ वरून ३ बारवर आली तर ३ बारच्या तापमानापेक्षा १३–१४ अंश जास्त गरम राहते. पण ९५ टक्के कोरडी वाफ आली तर पलीकडे साडेशहाण्णव-सत्त्याण्णव टक्केच कोरडी निघते. बाकीचं पाणी सीट झिजवतं, म्हणून सेपरेटर आधी.

सीट गळते का ते तपासायला यंत्राचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पुढच्या गेजकडे बघत राहा. दाब किंचित चढून थांबला तर ठीक. चढतच राहिला तर सीटखाली कचरा आहे किंवा सीट कापली गेली आहे. स्क्रू फिरवून हे जात नाही.

बंद केल्यावर उलटा दाब

लाइन किंवा कॉइल बंद केली की आतली वाफ थिजते. वातावरणाच्या दाबाची १.६७ घनमीटर वाफ लिटरभर पाण्यात मावते, त्यामुळे आत निर्वात तयार होतो. टाकीतल्या कॉइलला बारीक भोक असेल तर टाकीतला माल कॉइलमध्ये ओढला जाऊन कंडेन्सेटबरोबर (वाफ थिजून झालेल्या पाण्याबरोबर) बॉयलरकडे निघतो. पातळ गॅस्केट आत खेचली जाते. उपाय म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकर (निर्वात झाला की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह), कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे, यंत्राच्या वाफ शिरण्याच्या बाजूला, माथ्यावर.

हाच प्रकार चालू यंत्रातही घडतो. माल तापत आला की कंट्रोल व्हॉल्व्ह मिटतो आणि कॉइलमधला दाब ट्रॅपच्या पलीकडच्या दाबाखाली जातो. ट्रॅप चांगला असूनही पाणी पुढे ढकललं जात नाही, कॉइल बुडते, खालचा अर्धा भाग थंड पडतो. ट्रॅपनंतर कंडेन्सेट ५ मीटर वर चढवलं असेल तर नुसत्या उंचीचाच अर्धा बार उलटा बसलेला असतो, आणि परतीच्या मुख्य लाइनमधला दाब त्यात मिळवायचा. अशा यंत्राचं कंडेन्सेट आधी खाली, वातावरणाला उघड्या टाकीत उताराने सोडा आणि तिथून पंपाने वर न्या.